शिवणाचा दस्ता

२३ जून, रविवार

ही डायरी मिलच्या मालकानं नव्या वर्षाला वाटलेली. पहिल्या पानावर नाव लिहायची जागा होती, तिथं आज लिहिलं : तुलाराम, फिटर, राइस मिल, तुमसर. बाकी पानं कोरीच आहेत. निर्मला होती तोवर लिहायची गरज पडली नाही. कोणता पट्टा तुटला, कोणता बेअरिंग बसला, मालक कोणावर भडकला, सगळं मी जेवताना तिला सांगायचो आणि ती ऐकायची. मार्चमध्ये काविळीनं गेली. आता जेवताना मी, माय आणि पोरगी टीना, तिघंही ताटाकडं बघत जेवतो. सांगायचं साचून राहतं, म्हणून हा उद्योग.

आज टीनानं काहीतरी मागितलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. दिलं ते खाते, सांगितलं ते करते, नववीत गेली तरी नवं दप्तर सुद्धा मागितलं नाही. आज भांडी घासून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मले रायफल पायजे. सोताची."

मला हसू आलं. ती हसली नाही. हातात एक पुठ्ठ्याचा कागद होता, त्यावर काळा गोल आणि गोलाच्या मध्यभागी छिद्रं. सगळी छिद्रं दोन रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत इतकी जवळजवळ. मे महिन्यात शाळेच्या मागं संघपाल सरांनी छर्‍याच्या बंदुकीचं शिबिर घेतलं होतं, त्यातल्या पहिल्या दिवसाचा हा कागद.

माय आतून म्हणाली, "पोरीच्या जातीले बंदूक कायले? उद्या लगन करून देजो तं बंदूक घेऊन जाईन का?"

टीना कागद माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

२७ जून

शाळेत जाऊन संघपाल सरांना भेटलो. ते खेळाचे शिक्षक, मूळचे कबड्डीचे. नेमबाजी नागपूरला आठवडाभराच्या प्रशिक्षणात शिकून आले, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मला असा माणूस आवडतो.

म्हणाले, "भाऊ, खरं सांगतो. पहिल्या दिवशी पोरीनं जे मारलं ते पाहून मी चाट पडलो. पण त्यानंतर तसं पुन्हा जमलं नाही. मी बाजूला उभा राहून शिकवतो, तरी नाही. शाळेच्या दोन्ही रायफलींची स्प्रिंग गेली आहे, त्याचाच दोष असेल."

मी विचारलं, स्वतःची असली तर? ते म्हणाले, जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव काढेल. मग नव्या रायफलीची किंमत सांगितली. मी पाणी मागितलं.

पण मी फिटर आहे. नवी घेणं जमत नसेल तर जुनी उभी करता येते. सर म्हणाले, "फक्त नळी चांगली पाहा. बाकी सगळं बदलता येते." हे मला पटलं. रोलरचा शाफ्ट सरळ असला की बाकीची मशीन मी कशीही बसवतो.

७ जुलै, रविवार

नागपूर. सरांनी पत्ता दिला होता. रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ, तरुणपणी स्पर्धेत मारायचे. त्यांच्या माळ्यावर ही पडलेली. परवाना लागत नाही म्हणाले, पण विकल्याचं कागदावर लिहून सही करून दिली. स्प्रिंग मेलेली, चामड्याचं वॉशर वाळून खारकेसारखं झालेलं, आणि लाकडी दस्ता उधईनं असा खाल्लेला की हात लावला तर भुकटी पडली. पण नळी दिव्यासमोर धरून आतून पाहिली. स्वच्छ. कुठं डाग नाही, कुठं वाक नाही. आत कापलेले पीळ शेवटपर्यंत चमकत होते.

दस्त्याशिवायची बंदूक म्हणून त्यांनी अर्ध्याहूनही कमी घेतले. गोणपाटात गुंडाळून आणली. तुमसर रोड स्टेशनला उतरलो तेव्हा पाऊस होता, मी भिजलो, तिला भिजू दिलं नाही.

टीनानं गोणपाट उघडून पाहिलं आणि नळीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "थंडी आहे." बस, एवढंच. पण रात्री पोळी वाढून मागितली.

१७ जुलै

मिलमध्ये आज नव्या मेकॅनिकनं पॉलिशरच्या शाफ्टचा नट मोडला. त्या नटाला उलटे आटे असतात. सगळे नट जिकडे फिरवून सुटतात तिकडे हा आवळला जातो. सांगून ठेवलं होतं, तरी पठ्ठ्यानं पाइप लावून जोर केला. मी म्हणालो, अरे नट सुटत नाही म्हणजे नट खराब असं नसतं, आधी आटे बघावेत. दुपार त्यातच गेली.

संध्याकाळी बंदुकीचं वॉशर नव्या चामड्याचं कापलं, तेलात मुरत ठेवलं. स्प्रिंग सरांनी मागवली आहे.

२१ जुलै, रविवार

धानाची रोवणी आटोपली. बैलांना गवत कापायला गेलो, माझा विळा मुठीतून हलत होता म्हणून खुंटीवरचा निर्मलाचा घेतला. तो विळा म्हणजे एक प्रकरणच आहे. आमच्या घरात तो तिच्याशिवाय कोणाचंच ऐकत नाही. गवतावरून घसरतो. तिच्या हातात मात्र सप्सप् चालायचा. ती नेहमी धानाच्या बांधीच्या पलीकडच्या कोपर्‍यातून, सगळ्यांपासून वेगळी कापणी धरायची, आणि आम्ही मध्यावर यायच्या आत तिची ओळ संपलेली असायची. मी चिडवायचो, तुझ्या विळ्यात भूत आहे.

आज त्या भुतानं माझा अंगठा कापला. मायला म्हणालो, लोहाराकडं नेऊन दाते पुन्हा पाडून घेतो, आपल्या कामी येईल.

माय एकदम म्हणाली, "नोको. तुले नाई जमाचा तो. ठेव खुटीले."

मायला सुनेची आठवण एवढी आहे हे मला माहीत नव्हतं. ठेवला.

११ ऑगस्ट, रविवार

दस्त्यासाठी यादोभाऊ सुताराकडं गेलो, टीनाला घेऊन. त्यानं शिवणाची एक जाड फळी काढली. हलकं लाकूड, वाकत नाही, तडकत नाही. सरांनी वहीतून चित्र काढून दिलं होतं. गाल टेकायची जागा एका बाजूनं उंच, अंगठ्यासाठी दुसर्‍या बाजूनं खोल. म्हणजे हा दस्ता अंगाच्या मापाचा, कपड्यासारखा. यादोभाऊला असं काम पहिल्यांदाच मिळालं, तो खूश होता.

दोरी घेऊन उठला. "खांदा कोनता?"

"उजवा. दुसरा कोनता रायते?" मी म्हणालो.

टीना तोवर उभी राहिली होती, पण उलट्या तोंडानं. मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला फिरवलं. "अवो, निशाना तिकडे आहे समज. सरळ उभी राय." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली भुश्याकडं पाहत राहिली. यादोभाऊनं खांद्यापासून बोटापर्यंत माप घेतलं.

वाटेत विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही. एवढं करतोय आपण पोरीसाठी, थोडा आनंद दिसला असता तर बरं वाटलं असतं. पण आईविना पोर. तिला काय विचारायचं ते मला कळत नाही. निर्मलाला कळायचं.

६ सप्टेंबर, तान्हा पोळा

महिनाभर यादोभाऊ लाकडाचे नंदीबैल करण्यात गुंतलेला, त्यामुळं आपलं काम मागं. आज गल्लीतली पोरं बैल ओढत मिरवून आली आणि त्यांच्या मागून यादोभाऊ दस्ता घेऊन आला. काय काम केलं आहे! तेलपाणी करून असा गुळगुळीत की माशी घसरावी. मी नळी बसवली. तिन्ही स्क्रू पहिल्या फेर्‍यात बसले. सरांच्या मित्राची जुनी, नेम धरायची बारीक भोकाची साइट होती, तिला मी मिलमध्ये पट्टी घासून बसवली.

पूर्ण झाली. माझ्या आयुष्यात मी बर्‍याच मशिनी उभ्या केल्या, एवढ्या मनानं एकही नाही. टीनाच्या हातात दिली तेव्हा वाटलं, निर्मला दारात उभी आहे आणि बघते आहे. डोळे भरून आले. मायनं सुद्धा बंदुकीला हळद-कुंकू लावलं.

१५ सप्टेंबर, रविवार

मिलचं गोदाम नव्या धानापर्यंत रिकामंच. मालकानं रविवारी वापरायला दिलं. एका टोकाला पेटीत कागद लावला, दुसर्‍या टोकाला टीना. सर आले होते.

मारलेलं विखुरतं आहे. एक वर, एक खाली, एक काळ्याच्या बाहेर. मी बंदूक बाकावर शिकंज्यात आवळून मारून पाहिली. एकाच छिद्रात दोन छर्रे. म्हणजे बंदुकीत दोष नाही.

दोष मानेत आहे. ती गाल टेकवते आणि मान उजवीकडं इतकी वाकडी करते की नाक दस्त्यावर चढतं. सर म्हणाले मान सरळ. मी म्हणालो मान सरळ. तिनं सरळ केली, थोड्या वेळानं पुन्हा तेच. सरांनी विचारलं, "टीना, लिहितेस कोणत्या हातानं?" "उजव्या," ती म्हणाली. सर म्हणाले, मग पवित्रा बरोबर आहे, सराव पाहिजे.

२२ सप्टेंबर

सर म्हणाले होते एकदा डोळे तपासून घ्या. भंडार्‍याला नेऊन आणली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही ठणठणीत, डावा तर जरा जास्तच. चला, एक काळजी गेली. पितळी भांड्यांच्या दुकानासमोर तिला समोसा घेऊन दिला. डोळे चांगले, बंदूक चांगली. राहता राहिला सराव.

२९ सप्टेंबर, रविवार

सरांनी युक्ती सांगितली. डावा डोळा मिटून ठेवला की थकतो, त्यापेक्षा त्यावर पट्टी बांधावी. साधी पट्टी कुठूनही करता आली असती, पण मी निर्मलाच्या हिरव्या लुगड्याचा काठ कापला. टीनाच्या डोळ्यावर बांधली आणि म्हणालो, आई सोबत आहे असं समज.

ती एक पाऊल मागं सरकली. मला वाटलं, भरून आलं असेल.

मला तिचं लहानपण आठवलं. चार-पाच वर्षांची असताना ताटात डावा हात घालायची. निर्मला तिला जेवायला घेऊन बसायची तेव्हा पदराच्या टोकानं तिचा डावा हात मांडीला बांधून ठेवायची. पोर भोकाड पसरायची, निर्मला भिंतीकडं तोंड करून बसायची, पण गाठ सोडायची नाही. माय म्हणायची, सुनेनं वळण चांगलं लावलं. पहिलीत गेली तोवर हात सुधारला. निर्मला मऊ स्वभावाची, पण त्या एका बाबतीत तिनं कधी ढील दिली नाही. आज त्याच पदराचा काठ पोरीच्या कामी आला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

जिल्ह्याची स्पर्धा, भंडारा. लिहावंसं वाटत नाही.

सगळ्यात खालून दुसरी. एक छर्रा तर कागदालाच लागला नाही. शेजारच्या मुलीच्या आईनं माझ्याकडं पाहून मान हलवली. बंदूक मात्र सगळ्यांना आवडली. एक पंच येऊन दस्ता हातात घेऊन बघून गेले, कोणी केला म्हणून विचारलं. त्याचा तेव्हा काय उपयोग.

येताना एसटीत टीनानं बंदूक पायांमध्ये उभी धरली होती. नदीच्या पुलावर गाडी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, इकून टाका."

"एका बारीनं कोनी हारते का?"

"मले नाई येत. तुमी एवढं केलं अन् मले नाई येत." मग तोंड खिडकीकडं केलं.

मी तिला रागावलो नाही. पण घरी आल्यावर तिनं डोळ्यावर बांधायची पट्टी काढून, घडी करून, माझ्या हातात दिली. ती परत केल्यासारखी दिली म्हणून मला लागलं.

२७ ऑक्टोबर

टीना पुन्हा आधीसारखी. दिलं ते खाते, सांगितलं ते करते. भिंतीवर लावलेला पहिल्या दिवसाचा कागद तिनं काढून ठेवला. घरात बंदूक गोणपाटात, कोपर्‍यात. आई गेल्यावर पोर एकदा बंद झाली होती, बंदुकीनं जरा उघडली, आता बंदुकीनंच पुन्हा बंद केली. याला मी जबाबदार असेन तर कोणत्या गोष्टीला, तेच सापडत नाही. नळी सरळ आहे, स्प्रिंग नवी आहे, डोळे चांगले आहेत.

बाजूच्या गावच्या मंगरूला माकडांसाठी हवी आहे. त्याच्या भाजीच्या वाडीत माकडं फार. बघून गेला, आवडली. दस्ता जास्त लांब आहे, कापून टाकतो म्हणाला. दिवाळीनंतरच्या रविवारी न्यायला येतो. मी हो म्हणालो. टीनाला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

३ नोव्हेंबर, दिवाळी

निर्मलाशिवायची पहिली. पणत्या लावल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सगळं लिहितो.

धान कापणीला आलं, मजूर मिळेनात. सगळ्यांचीच कापणी एकदम. मी मिलमधून रजा घेतली, टीनाला शाळेला सुटी होती. मी, माय आणि टीना सकाळीच बांधीत उतरलो. विळे तीन लागणार, घरात चांगले दोनच. मी विचार करत होतो, तोवर टीनानं खुंटीवरचा आईचा घेतला. मी म्हणालो, तो राहू दे, बोट कापशील. ती म्हणाली, "मी पलीकडच्या कोन्यातून धरतो." आणि गेली.

मी आणि माय इकडून. ऊन चढलं. कंबर सरळ करायला उभा राहिलो आणि पलीकडं पाहिलं. पोर अर्धी बांधी कापून आली होती. कापलेल्या धानाचे कडपे एका ओळीत पडलेले, निर्मला टाकायची तसेच. विळा सप्सप् चालत होता. मला क्षणभर वाटलं की निर्मलाच आहे. मग मी हात पाहिला.

उजव्या हातात धानाची मूठ होती आणि विळा डाव्या हातात.

मी तसाच चालत गेलो. तिला पावलांचा आवाज आला तसा तिनं झटकन विळा उजव्या हातात घेतला. एखाद्यानं चोरी लपवावी तसा. 

मी हात पुढं केला. तिनं विळा दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो नीट पाहिला. मी फिटर, दुसर्‍याच्या मशिनीतला केसाएवढा फरक मला दिसतो. आणि हा विळा माझ्या घरात अठरा वर्षं खुंटीला होता. धार उलट्या बाजूनं काढलेली, दाते उलट्या बाजूनं पाडलेले. उलट्या आट्यांचा नट.

"तुले कोनी शिकवलं?"

"आईनं. आई असाच कापे. ती म्हने, वावरात चालते, घरात नाई. अन् लोकायच्या समोर तं कधीच नाई."

"अन् शिबिरात? पयल्या दिवशी?"

ती धानाकडं बघत होती. "सर तिकडे होते, दुसऱ्या पोरायपाशी. कोनी पाहत नव्हतं. मंग मी डाव्या खांद्याले लावली."

"दुसऱ्या दिवशी?"

"सर बाजूले उभे होते."

मी बांधीच्या धुर्‍यावर बसलो. यादोभाऊच्या दुकानात पोर ज्या तोंडानं उभी राहिली होती ते आठवलं. मी तिला फिरवलं होतं. मग तिचा डोळा बांधला. कशानं बांधला ते आठवलं आणि मला रडू आलं. बांधीत, उन्हात, पोरीसमोर. तिनं विचारलं, "बाबा, तुमी रागावले का?" मी नाही म्हणालो. ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

माय आली. तिनं विळा पाहिला आणि खाली बसली.

"माय, तुले मालूम होतं?"

माय हातातल्या काडीनं माती उकरत राहिली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निर्मलानं पंगतीत डाव्या हातानं वाढलं. तुया आत्यानं ताट सरकवलं, उठून गेली. पोरगी घरात कोपऱ्यात जाऊन रडे. मी म्हनलं, बाई, घरात नोको. चार लोक नावं ठेवतात. वावरात कोनी पायत नाई, तेथी कर काय कराचं ते. मंग मीच लोहाराकडून हा इळा करून आनला. तिनं हात जोडले मले. म्हने, यायले नोका सांगू."

यायले म्हणजे मला.

निर्मला, तू मला जेवायला वाढायचीस, मी मशिनीच्या गोष्टी सांगत असायचो, आणि तू प्रत्येक वेळी हात आठवून चमचा धरत होतीस. मला तू नाही सांगितलंस. मी ताट सरकवलं असतं का? नसतं सरकवलं. पण मी हसलो असतो, विळ्याला हसलो तसा, आणि ते तुला माहीत होतं. मला तुझा फार राग येतो आहे, आणि तो कुठं ठेवू ते समजत नाही.

संध्याकाळपर्यंत तिघांनी बांधी कापली. टीना मधोमध. विळा डाव्या हातात. रस्त्यानं दोन बाया जात होत्या, त्या थांबून पाहत होत्या. टीनानं मायकडं पाहिलं. माय म्हणाली, "काप तू." मग बायांना म्हणाली, "काय पायता वो? धान नाई पायलं कधी?"

८ नोव्हेंबर

सरांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी फक्त लिहिण्याचा हात विचारला. लिहायला तर आपणच शिकवतो." मग उठून बोटांची चौकट करून दाखवली, दोन्ही डोळ्यांनी त्यातून पाहायचं आणि एकेक डोळा मिटायचा, नेमाचा खरा डोळा कोणता ते कळतं. हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिबिरात गडबडीत राहून गेलं.

घरी टीनाला करायला लावलं. डावा. म्हणूनच ती मान वाकडी करून तो डोळा साइटीवर आणायची.

१० नोव्हेंबर, रविवार

मंगरू सकाळीच आला. चहा पाजला, सांगितलं की बंदूक देत नाही. तो म्हणाला, शब्द दिला होता. मी म्हणालो, दिला होता, चुकीच्या बंदुकीचा. त्याला काही कळलं नाही. माकडांसाठी मिलमधला पत्र्याचा डबा आणि दोर देतो, वाजवत बस, म्हणालो. रागावून गेला. जाऊ दे.

मग गोणपाट खांद्यावर टाकून टीनाला घेऊन यादोभाऊकडं. रविवारची दुकानात चार माणसं बसलेली, कोणाची पाटी, कोणाचा नांगर. यादोभाऊनं दस्ता उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, उंचवटा तासून टाकता येईल, पण कापलेलं लाकूड भरता येत नाही. हा आता उलटा होणार नाही. मी मान हलवली. एवढं सुंदर काम, मोडीत. यादोभाऊला वाईट वाटलं, मलाही. मग तो आत गेला आणि त्याच शिवणाच्या फळीचा दुसरा अर्धा तुकडा घेऊन आला. मोठ्या नंदीसाठी ठेवला होता म्हणे, पुढच्या पोळ्याला.

"नंदी दुसऱ्या लाकडाचा करतो," म्हणाला आणि दोरी घेऊन उठला. माझ्याकडं पाहिलं. "खांदा कोनता?"

उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी तोंड बंद ठेवलं.

दुकानातली माणसं बघत होती. टीनानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी फळीकडं बघत राहिलो. ती वळली, तिला जसं उभं राहायचं होतं तशी उभी राहिली.

"डावा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.